फूटपाथवरची पंगत आणि काचेआडचा पेला

मुंबई पाहायची तर पायी पाहावी, असे जुनेजाणते लोक सांगत आले आहेत. आम्ही त्यात एवढीच भर घालतो, की मुंबई समजून घ्यायची तर ती पायी पाहावी आणि उभ्याने खावी. खुर्चीवर बसून खाणाऱ्याला या शहराचा एकच मजला दिसतो. गाडीपाशी उभे राहून खाणाऱ्याला पाया दिसतो आणि मान वर केली तर कळसही दिसतो.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून हल्ली खाद्यभ्रमंतीचे रकाने ओसंडून वाहत असतात. अमक्या गल्लीत चाट कुठे चांगली, तमक्या टॉवरच्या गच्चीवर नवे कॉकटेल कोणते, याच्या याद्याच्या याद्या छापल्या जातात. पण गाडीमागे उभा असलेला माणूस कोण, तो रात्री कुठे झोपतो, गच्चीवरचा बार कोणाच्या घामाच्या जमिनीवर उभा आहे, हे प्रश्न त्या याद्यांत नसतात. म्हणून मध्यंतरी एका शनिवारी संध्याकाळी आम्हीच चपला घालून निघालो. दादर ते परळ आणि तिथून लोअर परळ. अंतर फार तर पाच-सहा किलोमीटर. पण या पाच-सहा किलोमीटरमध्ये दीडशे वर्षांचा इतिहास पसरलेला आहे.

आमचे काही वाचक इथेच भुवया उंचावतील. पंचशील घेतलेला माणूस बारमध्ये कशाला गेला? त्यांची शंका रास्त आहे. पाचवे शील आम्ही विसरलेलो नाही आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत मद्य न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे, हेही विसरलेलो नाही. आम्ही प्यायला गेलो नव्हतो, पाहायला गेलो होतो. जिथे आपल्याला पूर्वी कोणी उभे केले नसते आणि जिथे आज आपली मुले रात्रपाळी करतात, ती जागा चळवळीच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे.

सुरुवात दादर स्थानकाबाहेर वडापावने केली. १९६६ साली याच स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी पावात वडा घालून विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. उकडलेला बटाटा, आले-लसूण-मिरचीचा ठेचा, बेसनाचे आवरण, उकळते तेल, लसणाची कोरडी लाल चटणी आणि मधोमध चिरलेला पाव. घाईतल्या कामगाराला एका हाताने खाता येईल, लोकलचा दांडा दुसऱ्या हाताने धरता येईल, असे हे अन्न. ताट नको, पाट नको, यजमान नको. आणि मुख्य म्हणजे वाढणाऱ्याने खाणाऱ्याची जात विचारण्याची सोयच नाही. लोकल सुटायची असते.

पण वाचकहो, हा पाव इतका साधा नाही. पोर्तुगीजांबरोबर आलेला हा पदार्थ सनातन्यांच्या लेखी बाटलेला होता. १८४९ साली याच मुंबईत परमहंस सभा नावाची सुधारकांची गुप्त मंडळी स्थापन झाली. तिच्यात प्रवेश घेणाऱ्याला ख्रिश्चन माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. दारे लावून, गुपचूप. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून एवढे मोठे ग्रामण्य झाले, की टिळक-रानड्यांसारख्या मातब्बरांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. जो पाव खायला सुशिक्षितांना गुप्त सभा काढावी लागली, तो पाव आज दादरला भर रस्त्यात, हजारोंच्या समोर, कोणीही कोणाच्याही हातून घेऊन खातो. हे कोणत्या धर्मसभेने केले नाही. गिरणीच्या भोंग्याने, लोकलच्या वेळापत्रकाने आणि पोटाच्या भुकेने केले.

तिथून रेल्वेच्या कडेने, सेनापती बापट मार्गाने दक्षिणेकडे निघालो. जुनी माणसे याला अजून तुळशी पाईप रोड म्हणतात. वाटेत सँडविचवाला, डोसेवाला, वेताच्या घडवंचीवर टोपली ठेवून कुरमुरे-शेव-कांदा कालवणारा भेळवाला आणि एका कोपऱ्यावर पाणीपुरीवाला. त्याच्याभोवती सहा-सात माणसांचे कडे होते. कॉलेजची पोरे, एक बाई आणि तिची मुलगी, एक डिलिव्हरीवाला, इस्त्रीचे कपडे घातलेला एक साहेब. एकच माठ. त्यात एकच हात बुडतो, एकेक पुरी भरतो आणि पाळीपाळीने प्रत्येकाच्या द्रोणात ठेवतो. कोणी काही विचारत नाही.

आम्ही त्या माठाकडे बघत राहिलो. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी जी लढाई झाली, ती कशासाठी होती? पाण्याला आपला हात लागला तर पाणी बाटते, हे मानणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध होती. आणि इथे एका अनोळखी माणसाचा उघडा हात एकाच माठातून सर्व जातींच्या माणसांना पाणी पाजतो आहे आणि लोक वर आणखी एक सुकी पुरी मागत आहेत! याच माणसांच्या गावात आजही पाणवठ्यावरून डोकी फुटतात. मग फरक कशाचा? फरक नावाचा आहे. गावात पाण्याआधी नाव पोहोचते. फूटपाथवर नावाशिवाय पाणी मिळते.

मात्र एवढ्यावर भाळून जाणारे आम्ही नव्हे. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिताना बाबासाहेबांनी स्पष्ट बजावले होते, की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. मिश्रविवाहाने रक्ताची सरमिसळ होईल तेव्हाच ती मरेल. पाणीपुरीच्या कड्यातला साहेब घरी जाऊन वर्तमानपत्रातली स्वजातीय स्थळेच चाळतो. फूटपाथची पंगत ही समता नव्हे. समतेचा तो ओटा आहे. घर अजून बांधायचे आहे.

त्या ओट्यावरही पाट्या लागल्या आहेतच. 'शुद्ध शाकाहारी.' यातल्या 'शाकाहारी' या शब्दाविषयी आमचे काही म्हणणे नाही. ज्याला जे खायचे ते त्याने खावे. पण 'शुद्ध' हा शब्द कुठून आला? एक शुद्ध म्हटले की दुसरे आपोआप अशुद्ध ठरते. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबईच्या रस्त्यावर मद्रासचा डोसा आहे, उत्तरेची चाट आहे, चीनच्या नावाने 'चायनीज' आहे, मोहल्ल्यात कबाब आहेत, कोकणातले घावणे आहेत. आमच्या आज्यांनी दुष्काळात ज्यावर लेकरे जगवली ते वाळवलेल्या मांसाच्या चान्यांचे कालवण कुठे आहे? शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या खाद्यसंस्कृतीची नोंद करते. पण पुस्तकात नोंद झालेले अन्न गाडीवर मात्र आलेले नाही. सगळ्यांचे अन्न रस्त्यावर आले, आमचे अजून चुलीपाशी लाजून बसले आहे. त्यात २०१५ साली राज्यात बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी आली. गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस हा गुन्ह्याचा विषय झाला. पोळी-भाजीची चर्चा करणाऱ्या पुरवण्यांनी या विषयाला हात लावला नाही.

चालत चालत प्रभादेवी स्थानकाच्या पुलापाशी आलो. या स्थानकाचे नाव तेव्हा एल्फिन्स्टन रोड होते. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी इथल्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, माणसे कित्येक पटींनी वाढली, पण पूल गिरणीच्या काळातलाच राहिला. दोष नियोजनाचा होता. राग मात्र कोणावर निघाला? फेरीवाल्यांवर. महिन्याभरात स्थानकांबाहेरच्या गाड्या उलथवल्या गेल्या, मारहाण झाली आणि नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीचा धंदा नको, असा आदेश दिला.

स्थानकाबाहेर चालण्यासाठी जागा मोकळी हवी, हे आम्हालाही मान्य आहे. पण या देशात २०१४ सालापासून फेरीवाल्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा आहे. तो सांगतो, आधी सर्वेक्षण करा, शहर फेरीवाला समिती नेमा, तिच्यात फेरीवाल्यांचे निवडून आलेले ४० टक्के प्रतिनिधी घ्या, जागा ठरवून द्या. तोवर हुसकावू नका. मुंबईत या प्रतिनिधींची निवडणूक व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. सव्वा कोटीच्या या शहरात तेव्हा मतदारयादीत सुमारे ३२ हजार फेरीवाल्यांची नावे होती. बाकीचे कोण? ते कागदावर नाहीत. जो कागदावर नाही त्याला पालिकेची गाडी आली की पळावे लागते आणि जो पळतो त्याच्याकडून हप्ता घेता येतो. बेकायदा ठेवणे हाही एक धंदाच आहे.

पूल ओलांडून परळला आलो. इथल्या रस्त्यावर चवीसाठी खाणारे थोडे. टाटा आणि केईएम रुग्णालयांच्या आसपास बिहार, बंगाल, मराठवाडा, विदर्भ कुठून कुठून आलेले नातेवाईक फूटपाथवर बसून इडली नाही तर पाव-भाजी खातात. आत कॅन्सरचा रुग्ण, बाहेर हातात स्टीलचा डबा. इडलीवाल्या अण्णाने एका म्हाताऱ्याच्या डब्यात मागितल्याविना आणखी सांबार ओतले. म्हातारा म्हणाला, "पैसे सुट्टे नाहीत." अण्णा म्हणाला, "बाबा, सांबार का पैसा कौन लेता है?" फूटपाथ मोकळे करा म्हणणाऱ्यांनी एक रात्र इथे उभे राहून पाहावे. या गाड्या उचलल्या तर ही माणसे काय खातील, याचे उत्तर कोणाकडे आहे?

जवळच परळची बी.आय.टी. चाळ. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावरही बाबासाहेब बरीच वर्षे या चाळीच्या खोल्यांतच राहिले. याच गिरणगावात खानावळी होत्या. गावाकडून एकटा आलेला कामगार तिथे जेवायचा आणि ताटे वाढणाऱ्या बाया सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या असायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून त्या बायांना बँकेच्या कर्जाचा रस्ता दाखवला. पुढे १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरणगावाची चूलच थंडावली. कित्येक कामगारांनी वड्याची कढई मांडली. ज्याला आपण आज 'स्ट्रीट फूड' म्हणून मिटक्या मारत खातो, त्याच्या तेलात त्या संपाची राख आहे.

बाबासाहेबांच्याच नावाच्या रस्त्याने, करी रोडवरून, रात्री दहाच्या सुमारास लोअर परळला पोहोचलो. इथून पुढे गंध बदलतो. तळणाचा वास मागे राहतो आणि अत्तराचा सुरू होतो. गिरण्यांची आवारे तीच, भिंती त्याच, काही ठिकाणी चिमणीही तीच. आत मात्र काचेची दारे, मंद दिवे, मोठ्याने वाजणारे संगीत.

या आवारांविषयी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली. याच मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यात भरायचा धागा तोंडाने ओढावा लागे, त्याला थुंकी लागे आणि स्पृश्यांना आपला विटाळ होई. जास्त पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. दुसरी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीतला एक तृतीयांश भाग पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, असा हिशेब होता. २००१ साली शब्द फिरवले. वाटणी साऱ्या जमिनीची नव्हे, फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीची, असे ठरले. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. कामगाराच्या वाट्याची घरे आटली आणि टॉवर फुगले. आता या जमिनीवरच्या बारमध्ये आत जाऊ.

दारावरच्या रक्षकाने आमच्या चपलांकडे पाहिले. संविधानाच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे जातीच्या कारणावरून कोणालाही बंद ठेवता येणार नाहीत, असे सांगितले आहे. चपलेच्या कारणावरून काय, ते कलम सांगत नाही. तरी त्याने सोडले. आत दर पाहिले. एका पेल्याची किंमत हजाराच्या घरात. मनात हिशेब केला, दादरचे पन्नास वडापाव. जिथे पूर्वी जात आडवी यायची तिथे आता बिल आडवे येते. आणि बिल कोणाला परवडते याची यादी काढली, तर ती जातीच्या जुन्या यादीपासून फार लांब पडत नाही.

फळीमागे पंचविशीचा एक तरुण मापाने एकेक द्रव भांड्यात घेत होता. कॉकटेल म्हणजे मिश्रण. काही जहाल, काही आंबट, काही गोड, वर बर्फ. भांडे झाकून खडखड हलवायचे, गाळायचे आणि संत्र्याच्या सालीचा वास वर सोडायचा. कसब आहे, यात शंका नाही. आमच्या मनात आले, पेल्यातल्या मिश्रणाला हजार रुपये मोजणारा हा समाज घरातल्या मिश्रणाला मात्र का घाबरतो? पेल्यातला संकर चालतो, कुटुंबातला चालत नाही.

यादीत मोहाच्या दारूचेही एक पेय होते, देखण्या नावाचे. मोह हे आदिवासींचे अन्न आणि पेय. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणि पाठोपाठ १८९२ चा मोहाच्या फुलांवरचा कायदा आणून इंग्रज सरकारने ते हिरावले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. हातभट्टीचा माणूस तुरुंगात गेला. विषारी दारूने मरणाराही तोच; २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर गरीब माणसे मेली. तेच मोहाचे फूल काचेच्या पेल्यात आले की 'वारसा' होते. फूल तेच. फक्त ते धरणारा हात बदलला.

आम्ही बिनमद्याचे कोकमाचे पेय मागितले. त्या तरुणाने पेला समोर ठेवला, आमच्या खिशाला लावलेल्या निळ्या बिल्ल्याकडे पाहिले आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाला, "काका, जय भीम."

बीड जिल्ह्यातला. आधी तीन वर्षे ग्लास धुतले, मग मिसळायला शिकला. आम्ही विचारले, "इथे कसे वागवतात?" तो म्हणाला, "छातीवर नुसतं नाव लावतात काका, आडनाव नाही. बरं वाटतं. पण खोली भाड्यानं बघायला गेलो की पहिलं आडनावच विचारतात." मग हसून पुढे म्हणाला, "तुम्ही कोकम घेतलंत ते बरं केलं. आईनं मलाही शपथ घातलीय. सगळ्यांना पाजतो, स्वतः थेंब घेत नाही."

याच भागातल्या एका गिरणीच्या आवारात, २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर, गच्चीवरच्या पबला आग लागून १४ जण दगावले. पुलावरच्या चेंगराचेंगरीला बरोबर तीन महिने झाले होते. काही दिवस पालिकेचे हातोडे बेकायदा बांधकामांवर चालले. आज तिथे पुन्हा दिवे लखलखत आहेत. गच्चीवरचा धंदा कायद्यात बसवून घेता येतो. फूटपाथवरच्या कढईला मात्र दहा वर्षे समितीची वाट पाहावी लागते. एकाच शहरात, अर्ध्या तासाच्या अंतरावर, हे दोन न्याय आहेत.

दीड वाजता बार बंद झाले. लोअर परळ स्थानकाजवळ अंडा-भुर्जीची एक गाडी अजून पेटती होती. तव्यावर कांदा, मिरची, टोमॅटो, चार अंडी, उलथन्याचा ठणठणाट आणि लोण्यात परतलेला पाव. थोड्याच वेळात तिथे एकेक जण जमू लागला. दारावरचा रक्षक, भांडी घासणारी दोन पोरे, वाढपी, डिलिव्हरीवाले, एक टॅक्सीवाला आणि आपला तो बीडचा तरुण. शेवटची लोकल गेलेली, पहिलीला अजून दोन-अडीच तास. हजार रुपयांचे पेले भरणारे हात आता भुर्जीत पाव बुडवत होते. एकाच ताटलीत दोघे-तिघे. कोणी कोणाचे आडनाव विचारले नाही. त्या तरुणाने आमच्यापुढे ताटली सरकवली, "घ्या काका, लाजू नका."

आम्ही लाजलो नाही.

समाजबांधवांना आमचे सांगणे एवढेच आहे. फेरीवाल्याचा प्रश्न हा वाहतुकीचा प्रश्न नाही, आंबेडकरी प्रश्न आहे. ज्या शहराने आपल्याला आडनावाशिवाय पहिला घास दिला, त्या शहराचा तो ओटा कोणी तोडत असेल तर आपण गप्प बसता कामा नये. आपल्या वॉर्डात फेरीवाल्यांचे सर्वेक्षण झाले का, कोणाची नावे सुटली, हे विचारा. आपल्या बायाबापड्यांना आपल्या घरचे कालवण-भाकर मान ताठ ठेवून गाडीवर मांडायला बळ द्या. काचेच्या दारामागे रात्रपाळी करणाऱ्या आपल्या पोरांची संघटना बांधा. त्यांचे पगार, त्यांच्या सुट्ट्या, त्यांचा रात्रीचा प्रवास यांची विचारपूस करा. आणि त्यातला एखादा आडनावामुळे खोलीच्या शोधात फिरत असेल, तर त्याला खोली मिळवून द्या.

पहाटे पहिली लोकल आली. भुर्जीवाल्याने तवा खरवडला, पाण्याचा शेवटचा तांब्या आमच्या हातावर ओतला आणि गाडी ढकलत निघाला. पालिकेची गाडी यायच्या आत त्याला गल्लीत शिरायचे होते.

जय भीम!